दिवाळीतला ‘शॉर्ट स्टे’: आठ दिवस रुग्ण ठेवणाऱ्या केंद्रांचं आणि ब्युरोच्या बदली माणसाचं परखड परीक्षण

पक्षाघात झालेलं, पार्किन्सन्सचं किंवा डिमेन्शियाच्या पुढच्या टप्प्यावरचं घरचं माणूस आठ-दहा दिवस केंद्रात ठेवायचं आणि वर्षभर त्याचं करणाऱ्या सुनेला, लेकीला किंवा नवऱ्याला तेवढे दिवस सलग झोपू द्यायचं, अशी ही सेवा. जाहिरातीत तिला रेस्पाइट केअर म्हणतात, केंद्राच्या ऑफिसात ‘शॉर्ट स्टे’. सेवा गरजेची आहे, चांगल्या केंद्रात ती नीट मिळतेही. फक्त दिवाळीच्या नेमक्या चार दिवसांत ती वर्षातली सगळ्यात कच्ची असते, आणि बहुतेक घरं नेमकी तेव्हाच ती घेतात.

कारण साधं आहे. केंद्रातल्या मावश्या आणि ब्रदर (पुरुष नर्स) बहुतेक बाहेरगावचे. त्यांच्याही घरी दिवाळी असते आणि वर्षातली मोठी रजा ते याच आठवड्यात घेतात, ती त्यांच्या हक्काचीच आहे. वसुबारसेपासून ड्यूटीचा तक्ता विरळ होत जातो, जागा भरायला नर्स-मावश्या पुरवणाऱ्या ब्युरोकडून बदली माणसं येतात. त्यांना कुठल्या आजोबांची कवळी रात्री काढायची आणि कुठल्या आजींना डाव्या कुशीवर ठेवायचं नाही हे ठाऊक नसतं. त्यातच शॉर्ट स्टेचे नवे रुग्ण आलेले. म्हणजे नवा रुग्ण, नवा माणूस आणि कमी हात, हे सगळं एकाच रात्री.

म्हणून पहिला सल्ला तारखेचा. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रुग्ण आत नेऊ नका. दिवाळीच हवी असेल तर वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी न्या, म्हणजे कायमच्या माणसांना रुग्ण कळलेला असतो आणि बदली माणसाला सांगायला कुणीतरी असतं. त्याहून चांगला काळ तुळशीच्या लग्नाच्या आसपासचा. भाऊबीजेनंतर दहा दिवस गेलेले असतात, स्टाफ परतलेला असतो, फटाके ओसरलेले असतात आणि केंद्रात जागाही मिळते. दिवाळी घरी साधी करायची आणि उसंत नंतर घ्यायची. पाहुण्यांना हे पटत नाही, पण काळजी घेणाऱ्याला खरी झोप तेव्हाच मिळते.

आता पैशांचं. पुण्या-मुंबईत दोन-तीन खाटांच्या खोलीत दिवसाला साधारण ₹१,५०० ते ₹२,५०० पडतात. स्वतंत्र खोली, नाकातून अन्न देण्याची नळी, ऑक्सिजन किंवा जखमेचं ड्रेसिंग असेल तर ₹३,०००च्या पुढे. लहान शहरांत यापेक्षा कमी. सणासाठी काही केंद्रं वेगळा दर लावतात आणि किमान मुक्काम सात किंवा दहा दिवसांचा धरतात. हा किमान मुक्काम लुबाडणूक वाटते, पण तीन दिवसांत डिमेन्शियाचा माणूस स्थिरावत नाही. तो कुठे रुळायला लागतो तोच परत न्यायची वेळ येते. तेव्हा सात दिवसांची अट रास्त समजा. रास्त नसतं ते ‘पॅकेज’ या शब्दाआड दडलेलं. डायपर, ग्लोव्हज, अंडरपॅड, फिजिओ, डॉक्टरची फेरी, लाँड्री, नळीतून द्यायचं फीड यातलं काय धरलंय आणि काय वरून लागणार, हे कागदावर लिहून घ्या. ‘जास्त लक्ष द्यावं लागतंय, म्हणून स्पेशल अटेंडंट लावला’ ही ओळ तिसऱ्या दिवशी बिलात आली की रोजचा आकडा दीडपट होतो. तुम्हाला विचारल्याशिवाय स्पेशल माणूस लावायचा नाही, असं आधीच लिहून द्या. डायपर स्वतःचे न्या: दिवसाला पाच धरले तर आठ दिवसांचे चाळीस, वर पाच.

रुग्ण दुसऱ्याच दिवशी रुग्णालयात हलवावा लागला तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळणार का, हेही विचारा. इथे बहुतेक केंद्रं गुळमुळीत उत्तर देतात. मेडिक्लेमवर विसंबू नका. हे रुग्णालयात दाखल होणं नव्हे, त्यामुळे तो या खर्चाला हात लावत नाही.

केंद्र बघायला सगळे रविवारी सकाळी अकराला जातात. तेव्हा फरशी पुसलेली असते, म्हातारी माणसं ओळीने उन्हात बसलेली असतात, मॅनेजर हजर असतो. त्याऐवजी रात्री साडेआठ-नऊला जा. जेवणं आटोपून झोपवण्याची वेळ असते, दिवसपाळी सुटून रात्रपाळी लागलेली असते. किती माणसं आहेत ते मोजा. अंथरुणाला खिळलेले दहा रुग्ण आणि रात्री एकच मावशी असेल, तर बेडसोर (एकाच कुशीवर पडून होणारी जखम) टाळायला दर दोन तासांनी कूस बदलणं अशक्य आहे, हे गणित कुणीही करू शकतं. एका रुग्णाला दोघांनी मिळून वळवायचं, ओलं असेल तर बदलायचं, टेकू लावायचे, याला आठ-दहा मिनिटं लागतात. दहा जणांचे दीड तास झाले. एकटी मावशी ते करत नाही, करूच शकत नाही. मग ‘दर दोन तासांनी’ ही गोष्ट फक्त चार्टवर होते. चार्ट मागून पाहा: बारा, दोन, चार, सहा अशा सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच दमात लिहिलेल्या दिसल्या तर काय समजायचं ते समजा.

लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज या तीन रात्रींचा ड्यूटी तक्ता नावांसह दाखवा म्हणावं. चांगलं केंद्र पंधरा दिवस आधी तो दाखवतं. ‘काळजी करू नका, होईल सगळं’ हे उत्तर म्हणजे तक्ता झालेला नाही. बाथरूममध्ये दोन्ही बाजूंना धरायला दांडा आहे का, खाटेशेजारची बेल वाजते का (वाजवूनच बघा), पाण्याचा पेला हाताला येईल असा ठेवलाय का, वीज गेली तर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि हवेची गादी जनरेटरवर चालते का, एवढं पाहिलं की बाकी टीव्ही, बाग आणि भजनाचा हॉल नंतर बघितला तरी चालतो. नाकातली नळी असलेला रुग्ण नेणार असाल तर फीड देताना एकदा उभं राहून बघा. डोकं ३० ते ४५ अंश वर, नळी जागेवर आहे याची खात्री, मग हळूहळू फीड, शेवटी पाणी ढकलून नळी साफ, आणि त्यानंतर किमान अर्धा तास सपाट झोपवायचं नाही. आडव्या माणसाला घाईने सिरिंज रिकामी करताना दिसले, तर तिथून निघा.

खरा घोळ होतो तो औषधांत. केंद्रात औषधांची ट्रॉली फिरते ती जेवणांच्या वेळेला: सकाळी नऊ, दुपारी एक, रात्री आठ. घरी पार्किन्सन्सच्या आजोबांना लेवोडोपाची गोळी सात, अकरा, तीन आणि सातला, जेवणाआधी अर्धा तास दिलेली असते. ट्रॉलीत ती नाश्त्यानंतर नऊला जाते, एक डोस गळतो, दूध-पनीरसोबत दिली की लागूही कमी पडते. दुसऱ्या दिवशी आजोबा ताठरतात, उठून उभे राहत नाहीत, घास घोळवत बसतात. केंद्र म्हणतं, ‘जागा बदलली म्हणून गळाठले.’ जागा बदललेली असतेच, पण गळाठले ते गोळीमुळे. वेळेच्या गोळ्यांची वेगळी पिशवी करा, वर ठळक अक्षरात ‘घड्याळाप्रमाणे, ट्रॉलीप्रमाणे नाही’ असं लिहा आणि रात्रपाळी-दिवसपाळी दोघींच्या मोबाईलमध्ये गजर लावून घ्या. ही गोळी एकदम बंद पडू देऊ नका, ते धोक्याचं आहे. आणि पार्किन्सन्स असेल तर फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा: मळमळीवर मेटोक्लोप्रमाइड आणि आरडाओरड्यावर हॅलोपेरिडॉल देऊ नये. रात्री फोनवरून सल्ला देणाऱ्या डॉक्टरासमोर ती फाईल नसते. मावशीने फोनवर ते वाचून दाखवलं तरच उपयोग.

गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच न्या. सुट्या गोळ्या डबीत घालून दिल्या तर नाव, ताकद, एक्स्पायरी काहीच कळत नाही. अर्धी गोळी असेल तर घरूनच कापून, वेगळ्या पुडीत. मुक्काम आठ दिवसांचा असेल तर अकरा दिवसांच्या द्या. गाडी चुकली, विमान रद्द झालं, गोळी जमिनीवर पडली, तर दिवाळीत दुकान शोधायची वेळ नको. हा अकराचा आकडा फाईलवर लिहून ठेवा, परतताना तो लागणार आहे.

इन्शुलिन घेणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. न उघडलेली पेनं फ्रीजमध्ये, पण फ्रीजरजवळ नाहीत. गोठलेलं इन्शुलिन फेकायचं असतं. फ्रीज सगळ्यांचा एकच, तेव्हा पेनावर चिकटपट्टी लावून नाव आणि उघडल्याची तारीख. सणाच्या दिवसांतला खास धोका असा की स्वयंपाकघराचं वेळापत्रक बदलतं. नरक चतुर्दशीला पहाटे आंघोळी होतात, सगळ्यांचा फराळ उशिरा होतो, पूजा आणि नैवेद्य आटोपल्याशिवाय ताटं लागत नाहीत. इन्शुलिन मात्र रोजच्या सवयीने साडेसातला टोचून झालेलं असतं. नऊपर्यंत हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, बोलणं तुटक होतं. नियम लिहून द्या: ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. रक्तातली साखर ७०च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीत, गिळण्याइतका सावध असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही.

फराळावर वेगळं लिहायला हवं, कारण दिवाळीत केंद्रात होणाऱ्या ठसक्याचं मूळ तिथे असतं. पक्षाघात, पार्किन्सन्स आणि पुढच्या टप्प्यातला डिमेन्शिया, तिन्हींत गिळणं बिघडतं. घरी हे ठाऊक असतं म्हणून वरणभात मऊ करून भरवला जातो. केंद्रात मात्र कुणाची तरी लेक मोठा डबा घेऊन येते आणि प्रेमाने सगळ्यांच्या ताटलीत घालते. त्यात सगळ्यात वाईट चिवडा. पोहे कोरडे, शेंगदाणा कडक, खोबऱ्याचे काप चिवट, डाळं वेगळंच. एका घासात चार प्रकारची कणी, आणि ती तोंडात एकत्र गोळा करायला जीभ धड हलत नाही. शेंगदाणा सरळ श्वासनळीकडे जातो. चकलीचे टोकदार तुकडे होतात. बेसनाचा लाडू मऊ वाटतो पण टाळूला चिकटून बसतो, आणि त्यावर पाणी पाजलं की पाण्याचाच ठसका लागतो. ज्याला मऊ, घट्टसर अन्नच चालतं त्याच्या खाटेवर पाटी लावा: ‘कोरडा फराळ नाही. मऊ शिरा चालेल.’ गोडाची हौस मऊ, तूप सुटलेल्या शिऱ्याने भागते; चमचा लहान, पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, पहिला घास गिळून झाल्याशिवाय दुसरा नाही. आवाज ओलसर, घोगरा झाला की थांबायचं. आणि पाटी लावल्यावरही भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना तोंडी सांगा, कारण पाटी फक्त स्टाफ वाचतो.

अभ्यंगस्नानाचा आग्रहही मोजून धरावा. ‘आमच्या आईला पहाटे उटणं लावा’ अशी विनंती बरीच घरं करतात आणि केंद्र हौसेने होही म्हणतं. तेलाचे हात, तेलकट फरशी, अर्धवट झोपेतला स्टाफ, पहाटेचा अंधार. चालत्या रुग्णासाठी हा पडण्याचा हमखास मुहूर्त. खाटेवरच्या रुग्णाला कोमट पाण्याने अंग पुसून, तळपायाला आणि हातांना थोडं तेल पुरे. पातळ, सुरकुतलेल्या कातडीवर उटण्याचे कण घासले तर ओरखडे उठतात. काखेत आणि जांघेत तेल राहिलं तर तिथे चिघळतं. नवी साडी अंगावरून पांघरून फोटो काढला तरी सण साजरा होतो.

कातडीबद्दल आणखी एक, आणि हे टाळू नका. दाखल करताना सिस्टरसमोर रुग्णाची पाठ, कमरेखालचं हाड, दोन्ही खुबे, टाचा आणि कोपरं उघडून बघा, मोबाईलवर फोटो काढा, कागदावर माणसाची आकृती काढून जिथे लाली आहे तिथे खूण करा आणि दोघांनी सह्या करा. लाल भागावर बोट दाबून सोडा: पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिलं तर बेडसोरची सुरुवात आहे. हे पंधरा मिनिटांचं काम केलं नाही की आठ दिवसांनी ‘जखम आधीचीच होती’ आणि ‘तुमच्याकडे झाली’ हा वाद होतो आणि तो कधीच मिटत नाही. हवेची गादी केंद्राची असेल तर पंपावरची खूण रुग्णाच्या वजनाप्रमाणे आहे का बघा. तिच्यावर दुमडलेली गोधडी आणि प्लॅस्टिक घालून ठेवलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं. मग गादी चालू असूनही उपयोग शून्य. एकच सैल चादर, बास. टाचांखाली गादी असली तरी पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्या लागतात, हे लिहून द्या.

डिमेन्शियाच्या रुग्णाची खरी परीक्षा संध्याकाळी असते. दिवेलागणीला ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं, आणि नेमक्या त्याच वेळी बाहेर सुतळी बॉम्ब वाजतात. चांगली केंद्रं साडेपाचपासून खिडक्या बंद करतात, खोलीत भरपूर दिवे लावतात म्हणजे सावल्या पडत नाहीत, ओळखीची भजनं लावतात आणि हाताला काम देतात: वाती वळणं, मटार सोलणं, रुमालांच्या घड्या. वाईट केंद्रं झोपेची गोळी देतात. हे थेट विचारा: रात्री शांत राहत नसेल तर काय देता, कोणाच्या सहीने देता, आम्हाला कळवता का? आणि पुढचा प्रश्न: हात बांधता का? प्रश्न उद्धट वाटतो, पण उत्तराआधीचं थांबणंच बरंच काही सांगून जातं. गोळीने गुंगलेला माणूस दुसऱ्या दिवशी पडतो, नीट गिळत नाही, पाणी पीत नाही, मग लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि तो ‘एकदम बिघडला’ असं सांगितलं जातं. एकाएकी वाढलेला गोंधळ हा डिमेन्शिया वाढल्याचा पुरावा नसतो. आधी शौच झालं का, लघवी तुंबली का, ताप आहे का, पाणी किती पोटात गेलं, हे बघायचं असतं.

अशा रुग्णासोबत एक पान द्या. छापील फॉर्म नको, कामाचं. उदाहरणार्थ:

‘हाक “अण्णा” अशीच मारा, “बाबा” म्हटलं तर वळत नाहीत. “पिशवी कुठाय?” म्हणजे लघवीला लागली आहे, पाच मिनिटांत न्या. सकाळी चहा हातात दिल्याशिवाय दात घासायला सांगू नका. उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडून बोला. आंघोळ सकाळी अकराला, आधी पायांवर पाणी. बायको कुठे गेली असं विचारलं तर “बाजारात गेल्यात” म्हणा; “त्या वारल्या” सांगू नका, दर वेळी नव्याने रडतात. रात्री दोनला उठतात, दिवा लागलेला असावा.’

एवढ्या दहा ओळी बदली माणूस दोन मिनिटांत वाचतो. डॉक्टरांची तीस पानांची फाईल तो उघडतही नाही.

नेऊन सोडायची वेळ सकाळी दहा-साडेदहा, नाश्ता पोटात असताना. संध्याकाळी सोडून निघून जाणं सगळ्यात वाईट. घरची न धुतलेली चादर आणि उशीचा अभ्रा सोबत द्या, वास ओळखीचा राहतो. सोनं अंगावर एक मणीही ठेवू नका. तरी केंद्रात खरोखर हरवतात त्या तीन वस्तू वेगळ्याच: कवळी, श्रवणयंत्र आणि चष्मा. कवळी पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून ताटात ठेवली जाते आणि खरकट्याबरोबर जाते. नाव लिहिलेली डबी द्या, ‘रात्री इथेच’ असं वर लिहा. शक्य असेल तर महिनाभर आधी एक रात्र राहून बघण्याचा प्रयोग करा. रुग्णापेक्षा तो केंद्राची परीक्षा घ्यायला जास्त उपयोगी पडतो. व्हिडिओ कॉल रोज एकच, सकाळी. पडद्यावर मुलगी दिसून नाहीशी झाली की काही जण तासभर दाराशी जाऊन उभे राहतात. तसं होत असेल तर फक्त स्टाफशी बोला.

तुम्ही विमानात असाल तेव्हा रुग्णाला रुग्णालयात हलवावं लागलं तर सही कोण करणार? शहरातच असलेल्या एका नातेवाइकाचं नाव, अधिकारपत्र, आधारची प्रत, मेडिक्लेमचं कार्ड, कुठल्या रुग्णालयात न्यायचं त्याचं नाव आणि डिपॉझिट कोण भरणार, हे सगळं एका पाकिटात द्या. व्हेंटिलेटरबद्दल घराचं काही ठरलेलं असेल तर तेही त्या नातेवाइकाला माहीत हवं. या पाकिटाअभावी दिवाळीच्या रात्री रुग्णवाहिका दारात उभी राहते आणि फोनाफोनी सुरू होते.

घरीच ब्युरोचा बदली माणूस लावायचा पर्याय बहुतेकांना जवळचा वाटतो. खाटेवरच्या, फार गोंधळ न घालणाऱ्या रुग्णासाठी तो केंद्रापेक्षा बरा. घर तेच, खाट तीच. चोवीस तासांच्या मावशीला पुण्या-मुंबईत दिवसाला हजाराच्या आसपास आणि वर, प्रशिक्षित नर्सला त्याच्या दुप्पट, सणात दीडपट मागणारे ब्युरो आहेत. पण चोवीस तासांची मावशी चोवीस तास जागी राहत नाही. रात्री चार वेळा उठणाऱ्या रुग्णाला बारा-बारा तासांच्या दोघीच लागतात. एकीवर भागवलं की तिसऱ्या रात्री ती झोपते आणि रुग्ण खाटेवरून उतरतो. नेहमीची मावशी जायच्या आधी नवीला दोन दिवस तिच्यासोबत ठेवा आणि दोघींचे पैसे द्या. हा खर्च वाचवणारी घरं नंतर फोनवरून उचलायची पद्धत समजावत बसतात. ब्युरोकडून पोलिस पडताळणीची प्रत घ्या, आणि माणूस आला नाही तर किती तासांत दुसरा, हे व्हॉट्सॲपवर का होईना लेखी घ्या. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ब्युरोचा फोन बंद लागतो ही कहाणी इतकी सर्वत्र आहे की नोंदणी दोन ब्युरोंकडे करून ठेवणंच शहाणपणाचं. आणि घरात कुणीच नसताना रुग्ण आणि अनोळखी बदली माणूस असं दोघांनाच सोडून गावाला जायचं असेल, तर हा पर्याय बाद समजा.

डे केअर सेंटर चालत्या-फिरत्या, सुरुवातीच्या डिमेन्शियासाठी उत्तम. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनची अशी केंद्रं आहेत. पण सणात ती बंद असतात, तेव्हा दिवाळीच्या कामाची नाहीत.

कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णासाठी वाट वेगळी आहे. वांद्र्यातलं शांती आवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करतं, गोव्यात लोटलीलाही त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून चालू आहे, तेही मोफत. तिथे घरचा एक माणूस रुग्णासोबत राहतो. म्हणजे ती सुट्टी नव्हे, पण वेदनेची औषधं, जखमेचं ड्रेसिंग आणि रात्रीची जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, आणि रात्री झोप लागते. दोन्हीकडे कॅन्सरच्या डॉक्टरांचे कागद लागतात, तेव्हा आधी फोन करून मगच न्या.

काहीच ठाऊक नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही एल्डरलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. जवळची केंद्रं आणि वृद्धाश्रम यांची माहिती तिथे मिळते. दर्जाची हमी ते देत नाहीत, ती रात्री साडेआठच्या फेरीनेच कळते.

आठ दिवसांनी आणायला जाताना सकाळी जा आणि बिल भरण्याआधी तीन गोष्टी करा. आकृतीवरच्या खुणा आणि फोटो काढून सिस्टरसमोर तीच जागा पुन्हा बघा. शौच शेवटचं कधी झालं ते नोंदवहीत बघा. तीन दिवस कोरडे असतील तर घरी गेल्यावर पहिला उपाय त्यावर करायचा आहे. आणि गोळ्या मोजा. अकरा दिवसांच्या दिल्या होत्या, आठ दिवस राहिले, तीन दिवसांच्या उरायला हव्यात. पाच दिवसांच्या उरल्या असतील तर डोस चुकले आहेत. एकाच दिवसाच्या उरल्या असतील तर जास्त गेल्या आहेत, किंवा शेजारच्या खाटेवर गेल्या आहेत. झोपेच्या गोळीची स्ट्रिप तुम्ही दिलीच नव्हती आणि पिशवीत अर्धी रिकामी सापडली, तर डिपॉझिट परत घेण्याआधी तिचं उत्तर मागा.